मऊ सांध्याची बाजू

कोकणातल्या कुठल्याही लहान रुग्णालयात भर पावसाळ्यात हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढायचा झाला तर अडचण बहुधा यंत्राची नसते. यंत्र धड असते, वीज असते, चालवणारी परिचारिकाही सरावलेली असते. पण रुग्णाची छाती घामाने ओली असते. रबरी फुगा दाबून लावलेली वाटी घसरते, एका वाटीखालची जेली शेजारच्या वाटीपर्यंत पसरते आणि कागदावर हृदयाच्या ठोक्यांऐवजी नुसती थरथर उमटते. मग छाती पुसायची, जेली पुन्हा लावायची, रुग्णाला हलू नका म्हणायचे आणि पुन्हा बटण दाबायचे. महागड्या यंत्राचे खरेखोटे शेवटी त्वचेवरच्या चमचाभर जेलीवर ठरते. या पुस्तकाचा विषय ती जेली आहे. जेली आणि तिच्या कुळातले बाकीचे मऊ पदार्थ: सिलिकॉन रबर, पाणी धरून ठेवणारी हायड्रोजेले, वीज वाहणारी प्लास्टिके, त्वचेसारखी ताणली जाणारी पातळ पटले. मानवी शरीर आणि यंत्र यांच्या मध्ये हे पदार्थ बसतात. चांगले बसले तर कुणाच्या लक्षातही येत नाहीत, आणि बहुधा त्यामुळेच मराठीत त्यांच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही.

या पुस्तकातल्या लेखांमागचा विचार सरळ आहे. शरीर आणि यंत्र यांची जोडणी टिकते की तुटते हे यंत्राच्या हुशारीपेक्षा दोहोंच्या मधल्या पदार्थावर जास्त अवलंबून असते. तो पदार्थ ज्या शरीरावर, ज्या हवेत आणि ज्या कामात वापरायचा, तिथेच त्याची पारख करावी लागते. म्हणून या प्रस्तावनेत पेण आणि रोहा ही दोन गावे पुन्हा पुन्हा येतील. तिथे मेंदूत बसवायची उपकरणे बनतात असा कुणाचा दावा नाही. पण मुंबई-गोवा महामार्गाचे दशकाहून अधिक काळ रेंगाळलेले चौपदरीकरण आणि त्यावरचे अपघात, धाटावच्या औद्योगिक वसाहतीतले यंत्रावरचे काम, खारेपाटातली चिखलाची भातशेती, तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस आणि घरोघरी वाढत चाललेला मधुमेह हे सगळे या दोन तालुक्यांत एकत्र भेटते. हात-पाय गमावलेल्या माणसाला, पेसमेकर बसवलेल्या माणसाला किंवा दंडावर साखर मोजणारी चकती चिकटवलेल्या माणसाला इथे जे सोसावे लागते, ते थंड आणि कोरड्या देशात आखलेल्या चाचणीत दिसत नाही.

आधी मूळ अडचण पाहू. यंत्रातली वीज म्हणजे इलेक्ट्रॉनांचा प्रवाह, आणि तो धातूच्या तारेतून वाहतो. शरीरातल्या विजेचे तसे नाही. मज्जातंतू, स्नायू आणि हृदय यांचे काम सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड अशा आयनांच्या हालचालीवर चालते, आणि हे आयन पाण्यात विरघळलेले असतात. आपल्या रक्तातल्या द्रवात मिठाचे प्रमाण सुमारे ०.९ टक्के असते, समुद्रात ते साडेतीन टक्क्यांच्या घरात जाते. पेण तालुक्याच्या खाडीकाठाला मीठ पिकवण्याची जुनी परंपरा आहे. तिथल्या माणसाला खारे पाणी किती जिवंत असते हे सांगायला नको, पण वीज वाहून नेणारा पदार्थ म्हणून त्याच्याकडे सहसा पाहिले जात नाही. नेदरलँड्समधल्या लायडन इथे विलेम आइन्टहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाचा आलेख काढणारे तंतू-गॅल्व्हानोमीटर उभे केले, तेव्हा रुग्णाचे दोन हात आणि एक पाय खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले असत. ते यंत्र खोलीभर पसरलेले होते, चालवायला अनेक माणसे लागत. १९०६ मध्ये त्यांनी दीड किलोमीटर अंतरावरच्या रुग्णालयातून तारेवरून आलेख आपल्या प्रयोगशाळेत मिळवून दाखवला. या कामासाठी १९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या इतिहासात सगळे त्या तंतूचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. तरीही खाऱ्या पाण्याची ती भांडी नसती तर तंतूला टिपण्याजोगा संकेतच मिळाला नसता. शरीर आणि यंत्र यांच्यातला व्यवहारात उतरलेला पहिला मऊ सांधा म्हणजे ते मीठपाणी.

भांडी गेली, पण मीठपाणी आजही आहे. छातीला चिकटवायच्या एकवार वापराच्या चकतीच्या पोटात चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा थर असतो आणि त्यावर क्लोराइड असलेली जेली. जेलीतला क्लोराइड आयन चांदीशी जुळतो तेव्हा एक इलेक्ट्रॉन तारेत जातो. उलट दिशेचा प्रवाह आला की तो आयन पुन्हा सुटतो. शरीराच्या चलनाचे यंत्राच्या चलनात रूपांतर इथे, या पातळ थरात होते. जेलीचे दुसरे काम त्वचेला ओल देण्याचे. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचा असतो, पण कोरडा असला की विजेला जबर अडवतो. हृदयाचा संकेत त्वचेवर पोचेपर्यंत एखाद्या मिलिव्होल्टचा उरतो, मेंदूचा तर त्याहूनही कित्येक पटींनी क्षीण. चकती त्वचेवर जराशी सरकली तरी त्याहून मोठा खोटा संकेत तयार होतो. म्हणून जेलीला चिकटावे लागते, ताणले जावे लागते, ओले राहावे लागते, आणि सोलून काढताना त्वचेचे साल न काढता निघावेही लागते. या मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. विदर्भाच्या उन्हाळ्यात उघडलेल्या पाकिटातली जेली सुकते, कोकणच्या पावसाळ्यात ती ओली राहते पण चिकटपणा घामापुढे हरतो. एकच चकती दोन्हीकडे सारखीच चालेल असे गृहीत धरणे हा आळस आहे.

पाणी धरून ठेवणारे हायड्रोजेल शरीराला सोसते हे १९६० मध्ये चेकोस्लोव्हाकियातले ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी 'नेचर' मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी विख्टर्ले यांनी मुलांच्या जोडखेळण्याच्या सुट्या भागांपासून बनवलेल्या यंत्रावर, घरच्या घरी, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतून काढल्या. वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचा शोध १९७७ चा, त्याला नोबेल मिळाले २००० मध्ये. आज त्या कुळातले पेडॉट नावाचे बहुलक आयन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही वाहते म्हणून मेंदूच्या इलेक्ट्रोडांवर त्याचा थर देतात. त्याची पहिली मोठी नोकरी मात्र छायाचित्रांच्या फिल्मवर साचणारी स्थिर वीज घालवण्याची होती. या क्षेत्रातल्या बऱ्याच पदार्थांचा पूर्वेतिहास असाच भलत्या कामातला आहे.

विजेइतकीच दुसरी अडचण ताठरपणाची. मेंदूचा ताठरपणा सुमारे एक किलोपास्कल धरतात, घट्ट शिऱ्याहून फार वेगळा नाही. चिपसाठी वापरतात त्या सिलिकॉनचा (सिलिकॉन रबराचा नव्हे) ताठरपणा दीडशे गिगापास्कलच्या पुढे जातो. फरक दहा कोटी पटींहून जास्त. प्रत्येक ठोक्याला, प्रत्येक श्वासाला मेंदू किंचित हलतो. त्यात रुतलेली ताठ सुई हलत नाही, आणि त्या घर्षणाला उत्तर म्हणून मेंदू सुईभोवती पेशींचे वेष्टन चढवतो. संकेत मग त्या वेष्टनाआडून यावा लागतो. यूटा विद्यापीठातल्या रिचर्ड नॉर्मन यांनी घडवलेला सिलिकॉनच्या शंभर सुयांचा बिछाना २००४ मध्ये ब्रेनगेट चाचणीत मानेखाली लुळे झालेल्या मॅथ्यू नेगल यांच्या मेंदूत बसवला गेला आणि त्यांनी नुसत्या विचाराने पडद्यावरचा ठिपका हलवला. पुढे अशा सुयांनी काही रुग्णांत वर्षानुवर्षे काम केले, काहींत संकेत हळूहळू मंदावत गेले. २०२४ च्या जानेवारीत न्यूरालिंक कंपनीने माणसात बसवलेले पहिले उपकरण ताठ सुयांचे नव्हते. बहुलकाचे ६४ बारीक धागे आणि त्यांवर १०२४ इलेक्ट्रोड होते. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने सांगितले की काही धागे मेंदूतून मागे सरकले. म्हणजे मऊपणा हा जादूचा मंत्र नाही. ताठ सुई रुतून बसते आणि दुखवते, मऊ धागा दुखवत नाही पण सुटून येतो. धागा कुठे आणि कसा अडकवायचा हाही पदार्थाचाच प्रश्न.

याच घटनेवरून एक आक्षेप घेता येतो आणि तो वजनदार आहे. धागे सरकल्यावर कंपनीने संकेत वाचणारी आज्ञावली बदलली आणि रुग्णाच्या संगणक चालवण्याच्या वेगात सुधारणा झाल्याचे जाहीर केले. मग पदार्थाची एवढी चिंता कशाला? गणित सुधारा, सांधा कसाही असो. शिवाय कॅमेऱ्याने दुरून नाडी मोजता येते, मनगटावरचे घड्याळ प्रकाशाने ठोके मोजते, जेली लागतच नाही. यातले सत्य नाकारायचे कारण नाही. हुशार आज्ञावली गोंगाटातून बरेच काही वेचून काढते. पण जो संकेत इलेक्ट्रोडपर्यंत पोचलाच नाही तो कुठल्याही गणिताला परत आणता येत नाही, आणि ज्या जागी धागा उरला नाही तिथल्या पेशी काय बोलत होत्या हे अंदाजानेच भरावे लागते. कॅमेऱ्याने नाडी मिळते, पण हृदयाच्या कुठल्या भिंतीला रक्त कमी पडते आहे हे बारा लीडच्या आलेखात दिसते, आणि पाय तुटलेल्या माणसाला दुरून चालवणारा कॅमेरा नसतो. ज्या जोडणीत भार वाहायचा आहे किंवा वीज द्यायची आहे तिथे स्पर्श टळत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: कठीण वस्तू शरीरात उत्तम चालतात, मग मऊपणाचा एवढा गवगवा का? स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी दाखवले की टायटॅनियमला हाड स्वतःहून धरते. दातांची रोपणे त्यावर उभी आहेत आणि तुटलेल्या मांडीच्या हाडात थेट खुंटी ठोकून कृत्रिम पाय जोडण्याची पद्धतही. हा आक्षेप मान्य करून त्यातून शिकण्यासारखे आहे. हाड स्वतः दहा-वीस गिगापास्कल ताठ असते, म्हणून कठीणाला कठीण मानवते. इथे मऊपणा हा गुण नाही, जुळणी हा गुण आहे. आणि त्या खुंटीतही त्रास कुठे होतो ते पाहावे: हाडात नव्हे, तर जिथे धातू कातडीतून बाहेर येतो तिथे. कातडी मऊ, ओली, सतत हलणारी. धातू तसा नाही. संसर्ग त्या कडेला होतो. कठीण रोपणाच्या यशाची कहाणी शेवटी मऊ सांध्याच्या अपुऱ्या उत्तरापाशीच येऊन थांबते.

कानातल्या रोपणाची गोष्ट याच कारणाने शिकण्यासारखी आहे. अंतःकर्णातला शंख अडीच वळणांचा, वाटाण्याएवढा. त्यात धातूची ताठ तार घातली तर ती भिंत फोडते, फार लवचीक तार घातली तर ती पुढे जातच नाही. मेलबर्नचे ग्रेम क्लार्क यांना याचे उत्तर १९७७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर सापडले. त्यांनी तिथल्या एका समुद्री शंखात गवताची काडी सरकवून पाहिली. बुडाशी ताठ आणि टोकाकडे मऊ अशी काडी आतपर्यंत गेली. १९७८ मध्ये त्यांनी बहुवाहिनी उपकरण माणसात बसवले. आजही बहुतेक कर्णरोपणांत प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड सिलिकॉनच्या निमुळत्या धाग्यात बसवलेले असतात. मुंबईचे डॉ. मिलिंद किर्तने यांनी ही शस्त्रक्रिया आपल्याकडे रुजवली, त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. केंद्राच्या एडिप योजनेतून गरीब घरांतल्या बहिऱ्या मुलांनाही रोपण मिळू लागले आहे. एकाच धाग्यात ताठरपणा हळूहळू बदलत नेण्याची ही युक्ती या पुस्तकातल्या अर्ध्या लेखांत वेगवेगळ्या रूपात येईल. दुसरी युक्ती पातळपणाची. पट्टीची जाडी निम्मी केली की वाकायला तिचा विरोध एक अष्टमांश होतो. इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०११ मध्ये याच हिशेबाने कठीण सिलिकॉनलाच इतके पातळ आणि नागमोडी केले की ते त्वचेच्या सुरकुत्यांवर बसले. पदार्थ मऊ करा किंवा कठीण पदार्थ बारीक करा, वाटा दोन आहेत. दोन्ही वाटांवर खर्च आहे.

आता पायाकडे येऊ, कारण पेण आणि रोह्याचा संबंध सर्वांत थेट तिथे आहे. कृत्रिम पायात सगळ्यांना दिसते ते पाऊल आणि नळी. चालणाऱ्याला जाणवतो तो सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ते कवच. शरीराचा भार कातडी, चरबी आणि स्नायूंवरून या कवचात उतरतो, आणि ही कातडी भार घेण्यासाठी घडलेली नसते. सकाळी नीट बसलेले कवच संध्याकाळी सैल होते, कारण उरलेला पाय दिवसभरात थोडा आकसतो. आत घाम साचतो, कातडी घसरते, फोड येतो, फोडाची जखम होते, आणि मधुमेह असला तर ती जखम पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेते. जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ मध्ये घडवलेले रबराचे पाऊल अनवाणी चालणे, उकिडवे बसणे आणि चिखलात काम करणे हे सगळे साधू शकले, कारण त्यांनी जमिनीशी होणारा सांधा मऊ केला. शरीराशी होणारा सांधा मऊ करण्याचे काम आइसलँडच्या ओसुर क्रिस्टिन्सन यांच्या सिलिकॉन मोज्याने १९८० च्या दशकात केले. मोजा पायावर गुंडाळून चढवायचा, त्यावर कवच. भार पसरतो, घर्षण मोजा आणि कातडी यांच्या मधून निघून जाते. पण सिलिकॉनमधून घाम बाहेर जात नाही. आइसलँडमध्ये ही तक्रार दुय्यम असेल. पेणच्या जूनमध्ये ती मुख्य आहे. बॅटरीवर चालणाऱ्या कृत्रिम हाताचे तर विचारूच नये. तो स्नायूंचे संकेत कवचातल्या धातूच्या बटणांनी वाचतो, आणि घाम आला की ती वाचन-व्यवस्थाच बदलते.

कवच बनवण्याची पद्धत मूर्तिकाराला ओळखीची वाटेल. उरलेल्या पायावर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून आतला साचा घेतात, त्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती काढतात, मग ती प्रतिकृती हाताने घासतात आणि भरतात. जिथे कातडी दाब सोसते, उदाहरणार्थ गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर, तिथे प्लास्टर उतरवायचे. जिथे हाड कातडीलगत आहे तिथे चढवायचे. शेवटी तापवून मऊ केलेला पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा त्यावर ओढून बसवायचा. प्लास्टर, उलटा साचा, सुलटी प्रतिकृती, हाताची पारख. पेण, हमरापूर, जोहे या भागातल्या कारखान्यांत वर्षभर हेच चालते, वेगळ्या हेतूने. मूळ मूर्तीवरून रबराचा साचा काढतात, त्याला बाहेरून ताठ आधार देतात, काथ्या घालून प्लास्टर ऑफ पॅरिस ओततात, आणि सुकल्यावर साचा सोलून काढतात. रबर मऊ असल्यामुळेच सोंडेचे वळण, बोटांमधल्या फटी, दागिन्यांचे कंगोरे न तुटता सुटतात. ताठ साच्यातून ते निघाले नसते. म्हणजे वाकड्या आकाराला जुळण्यासाठी पदार्थ किती मऊ आणि त्याच्या मागचा आधार किती ताठ, हे गणित पेणच्या कारागिराच्या हाताला ठाऊक आहे. रुग्णाला बसेल असा मोजा आणि त्याभोवतीचे कवच यांतही हीच जोडी असते.

इथे लगेच विचारले जाईल की त्रिमितीय स्कॅनर आणि प्रिंटर आल्यावर प्लास्टर आणि हाताची पारख यांना काय अर्थ राहिला. स्कॅनरने आकार अचूक मिळतो आणि ते चांगलेच आहे; जड प्रतिकृती जपून ठेवायला नकोत, दुसरे कवच लवकर निघते. पण स्कॅनर पायाची कातडी न दाबता मोजतो. कुठे दाबले तर मांस किती खोल जाते, कुठे दाबले तर माणूस कळवळतो, हे त्या आकारात नसते. ते बोटाने चाचपूनच कळते, आणि मग स्कॅनमध्ये किंवा प्लास्टरमध्ये कुठेही उतरवता येते. दुसरा आक्षेप अधिक कडक आहे: मूर्तीच्या साच्यात चूक झाली तर मूर्ती फुटते, पायाच्या कवचात चूक झाली तर माणूस पडतो. अगदी खरे. मूर्तिकाराला उद्यापासून पाय बनवू द्या असे इथे कुणी म्हणत नाही. प्रोस्थेटिक्सचे शिक्षण, रुग्णाची तपासणी, जबाबदारी हे सगळे प्रशिक्षित माणसाकडेच राहील. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, मुंबईतली हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हे काम करते आहे. पण त्या दोन शहरांपर्यंत दर सहा महिन्यांनी कवच घासून घ्यायला जाणे रोह्यातल्या शेतमजुराला परवडत नाही, म्हणून तो सैल कवच कापडाच्या चिंध्या भरून वापरतो. प्रतिकृती घासणे, कडा गुळगुळीत करणे, मोजा शिवणे, बदलणे या कामांसाठी जवळच सरावलेले हात असणे ही चैन नव्हे. पीओपीच्या मूर्तींवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून जी अनिश्चितता आली आहे, तिच्यामुळे या हातांना दुसरे काम शोधण्याची गरजही आहे.

रोह्याच्या बाजूने मात्र अधिक सावध राहिले पाहिजे. धाटावला रंगद्रव्ये आणि रासायनिक मध्यवर्ती पदार्थ बनतात. नागोठण्याला मुंबई हायच्या वायूवर चालणारा इंडियन पेट्रोकेमिकल्सचा प्रकल्प १९९० च्या सुमारास उभा राहिला आणि २००२ मध्ये ती कंपनी रिलायन्सकडे गेली. तिथल्या मालात पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन आहे. कवचाच्या पत्र्याचे नाव तेच, कूळ तेच. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने १९९० मध्ये माणसात बसवलेल्या भारतीय हृदयझडपेची चकतीही, नीलमाच्या चकतीचे प्रयोग फसल्यावर, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनची केली होती. एवढ्यावरून रोह्याचा माल शरीराला लावता येईल असे समजणे धोक्याचे आहे. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने स्तनरोपणात वैद्यकीय सिलिकॉनऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरले. ते २०१० मध्ये उघडकीला आले, जगभरातल्या लाखो स्त्रियांना त्याची धास्ती बसली आणि २०१३ मध्ये संस्थापकाला शिक्षा झाली. रासायनिक सूत्र जवळजवळ सारखे होते. फरक शुद्धतेत आणि प्रामाणिकपणात होता. साच्याचे स्वस्त सिलिकॉन बहुधा कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होते, शरीरात जाणारे प्लॅटिनमच्या, आणि डब्यावरून हा फरक ओळखता येत नाही. आपल्याकडे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आणल्याने ही बाजू पूर्वीपेक्षा घट्ट झाली आहे. त्या नियमांची कटकट वाटते. पीआयपीचे प्रकरण वाचल्यावर वाटत नाही. रोह्याकडून घेण्यासारखे आहे ते बहुलकांचे ज्ञान, चाचणीची शिस्त आणि तंत्रज्ञ. कुंडलिकेच्या काठावर राहणाऱ्यांना रासायनिक कारखान्याची दुसरी बाजूही माहीत आहे, आणि नव्या मऊ वस्तूंच्या कारखान्याला त्यांनी सांडपाण्याचा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला तर तो त्यांचा हक्क आहे.

टिकाऊपणाचा आक्षेप राहिला. मऊ ते फाटते, सुकते, फुगते. पेसमेकरमध्ये बिघडतो तो बहुधा डबा नव्हे, हृदयापर्यंत जाणारी सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनच्या आवरणातली तार. म्हणून तारेशिवायचे पेसमेकर निघाले. हे या क्षेत्राचे सर्वांत कच्चे अंग आहे आणि पुस्तकातल्या लेखकांनी ते झाकलेले नाही. तरी काम थांबलेले नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला हायड्रोजेलांची परंपरा आहे. शेतात पाणी धरून ठेवणारे 'जलशक्ती' तिथलेच. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर आणि डॉ. आशिष लेले यांचा सहभाग असलेल्या गटाने २०१२ मध्ये आम्लात काही सेकंदांत आपोआप सांधले जाणारे हायड्रोजेल प्रसिद्ध केले. त्यापासून उद्या मोजा बनेल असे नाही. पण फाटणे अटळ असेल तर भरून येणे शिकवता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

मग करायचे काय? मागणी मोठी नाही. शरीराच्या आत जाणाऱ्या वस्तू मोठ्या संस्थांकडे राहू द्याव्यात. अखंड कातडीला बाहेरून लागणाऱ्या वस्तू, म्हणजे चकत्या, मोजे, कवचाचे अस्तर, पट्टे, यांची कोकणातली पारख कोकणात व्हावी. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात पेट्रोकेमिकल अभियांत्रिकी शिकवतात, अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आयआयटी मुंबईत वैद्यकीय उपकरणांचे 'बेटिक' हे केंद्र आहे. पेणला साच्याचे हात आहेत. हे सगळे पेणपासून साधारण दोन तासांच्या अंतरात आहे आणि एकमेकांना फारसे ओळखत नाही. एक अख्खा पावसाळा, जून ते सप्टेंबर, भातलावणीपासून गणपतीच्या धामधुमीपर्यंत, प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांच्या अंगावर या वस्तू वापरून नोंदी ठेवल्या, तर परदेशी माहितीपत्रकात न मिळणारी गोष्ट हाती येईल.

पुढचे लेख क्रमाने वाचण्याची गरज नाही. रसायनाची धास्ती असलेल्यांनी कान आणि पाय यांवरची प्रकरणे आधी घ्यावीत, मेंदूचे सर्वांत शेवटी. ते सर्वांत गाजलेले आहे आणि सर्वांत कमी माणसांच्या उपयोगाचे. ज्यांच्या अंगाला यातली एखादी वस्तू रोज लागते, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी जे पटले नाही, जे इथल्या हवेत खोटे ठरले, ते लेखकांना जरूर कळवावे. दुसऱ्या आवृत्तीत त्यांचे म्हणणे आधी छापले जाईल.